सही करण्याआधी तासांचा हिशेब

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुला फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची, ऑफर आली हे तुझ्या बाबांनी डिचोलीच्या बाजारात मला गाठून सांगितलं. महिन्याचा आकडाही सांगितला. फार आनंद झाला. पण तो आकडा नेमक्या कुठल्या तासांचा आहे, हे सही करण्याआधी तुला कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वैमानिकाच्या पगाराचा एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा फ्लाइंग अलाउन्सचा, म्हणजे उड्डाणाच्या भत्त्याचा. हा दुसरा भाग ब्लॉक तासांवर मिळतो. विमान उड्डाणासाठी जागचं हललं की ब्लॉक सुरू होतो आणि उतरून पार्किंगला थांबलं की संपतो. ड्यूटी मात्र रिपोर्टिंगपासूनच, म्हणजे कामावर हजेरी लावल्यापासूनच, सुरू झालेली असते. थकव्याचे नियम करताना डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, ड्यूटीचे तास मोजते आणि उड्डाणाचेही. वर्षाला 1000 तासांच्या वर उडता येत नाही. अलाउन्सच्या रकान्यात मात्र ब्लॉकच येतो.

जुलैतला एक दिवस धर. आपल्या पेडण्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबई, परत मोपा, मग बेंगळुरू आणि पुन्हा मोपा. प्रत्येक सेक्टर, म्हणजे एकेक उड्डाण, सव्वा तासाचा, म्हणजे ब्लॉक 5 तास. त्यात रिपोर्टिंगचा एक तास मिळव. मधले तीन टर्नअराउंड, म्हणजे उतरून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, पाऊण पाऊण तासाचे. पेडण्यात पाऊस असा कोसळतोय की समोरचं काही दिसत नाही, म्हणून दीड तास स्टँडवरच, विमान उभं असतं त्या जागीच, गेला. शेवटी कागदपत्रांचा अर्धा तास. झाले सव्वादहा तास, आणि अलाउन्स पाच तासांचा. तोच दीड तास पुशबॅक होऊन विमान जागचं हलल्यावर टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या वाटेवर, गेला असता, तर तो ब्लॉकमध्ये धरला गेला असता. कॉकपिटमध्ये तू तेवढीच सावध बसलेली असतेस, इंधनाचा हिशेब करत असतेस, कंटाळलेल्या प्रवाशांना माहिती देत असतेस. हे मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही.

तुझ्या बाबांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. खाणीवर त्यांचा ट्रक खेपेवर चालायचा. धक्क्यावर रांग लागली की ट्रक उभा, आणि उभ्या ट्रकाचे पैसे नाहीत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा खेपा थांबल्या, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. विमानांचं तसंच 2020 मध्ये झालं. 25 मार्चपासून 25 मेपर्यंत देशांतर्गत प्रवासी उड्डाणं बंद होती, आणि ज्यांचं घर अलाउन्सवर चालत होतं त्यांना सगळ्यात मोठा फटका बसला. तुझ्या डोक्यावर तर प्रशिक्षणाचं कर्ज आहे.

म्हणून ऑफर लेटरमध्ये पहिल्यांदा हमीचे तास शोध. उड्डाण कमी झालं तरी महिन्याला किती तासांचे पैसे नक्की मिळणार? 2024 च्या एप्रिलमध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीची कितीतरी उड्डाणं रद्द झाली, त्याच्या मुळाशी हाच वाद होता. एअर इंडियातल्या विलीनीकरणाच्या नव्या करारात हमी 70 तासांवरून 40 वर येत होती. हप्ता, घरभाडं, घरी पाठवायचे पैसे हे सगळं हमीच्या रकमेतच बसव. त्यावर मिळेल ते बाजूला ठेव.

मग बाकीचं विचार. वेळापत्रकातला ब्लॉक धरतात की प्रत्यक्षातला, की दोन्हींतला जास्त? दुसऱ्या शहरातून उड्डाण घ्यायला प्रवासी म्हणून गेलीस, तर त्या तासांचं काय? स्टँडबाय, म्हणजे बोलावलं तर लगेच यायची तयारी ठेवायचा दिवस, दिला आणि बोलावलंच नाही तर? सिम्युलेटरचे दिवस कसे मोजतात? आणि हे संकोच न करता विचार: कायद्याने मिळणाऱ्या 26 आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेत अलाउन्स धरतात, की नुसता ठरलेला भाग? अमेरिकेत कित्येक कंपन्यांच्या करारात ड्यूटी रिग नावाचं कलम असतं. ड्यूटीच्या ठरावीक तासांमागे किमान एक तासाचा पगार द्यावाच लागतो. वैमानिकांच्या संघटनांनी ते भांडून मिळवलं. आपल्याकडेही मागायला हवं, आणि तुमच्या पिढीने ते मागावं असं मला मनापासून वाटतं.

तुझा बेस, म्हणजे नेमणुकीचं शहर, दिल्ली किंवा बेंगळुरू असेल, तर चवथीला, जत्रेला घरी यावंसं वाटणारच. जरूर ये. पण ड्यूटीच्या आदल्या रात्री प्रवास करून परतू नकोस. फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 जण गेले. तिथली फर्स्ट ऑफिसर तुझ्यासारखीच तरुण होती, पगार अगदी तुटपुंजा. आदल्या रात्री सिएटलहून निघून, विमान बदलत ती नेवार्कला ड्यूटीवर आली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच ठरलं. पण थकव्याने दोघांच्याही कामावर परिणाम झाला असावा, असं चौकशीत नोंदवलं गेलं. बेसच्या गावी भाड्याची का होईना, नीट झोपता येईल अशी खोली घे. त्या भाड्यात काटकसर करू नकोस.

आपल्याकडे 1 जुलै 2025 पासून आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तासांवर आली, हे चांगलंच झालं. तरी नियमात बसणारं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रकसुद्धा माणसाला पिळून काढू शकतं. कंपनीत थकवा कळवायचा एक फॉर्म असतो. तो कुठे भरायचा हे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात बघून ठेव. आणि एचआरला लेखी विचार: थकवा कळवून ड्यूटी सोडली, तर त्या दिवसाचे तास हमीतून कापता का? उत्तर आलं की मला कळव.

तुझा,
काका