मुलगी मारियाचीत जायचं म्हणते

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे, बरीच वर्षं टेक्सासात, सॅन अँटोनिओला. मुलगी इथेच जन्मली, आता अकरावीत आहे. शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची, नववीत मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताच्या, गटात गेली आणि गाऊही लागली. आता हेच करिअर करायचं म्हणते. तिच्या बाबांना इंजिनीअरिंग हवं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पोरीला लग्नात वाजवायला पाठवणार का?" काय करावं?
– एक आई

ताई, सासूबाईंचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. मारियाची वाजवणाऱ्यांचं पोट खरोखरच लग्नं, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा, बाप्तिस्मा आणि अंत्यविधी यांवर चालतं. मेक्सिको सिटीच्या गारिबाल्दी चौकात गट गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असतात. गाण्यागणिक पैसे घेऊन वाजवायचं, त्याला ते 'अल तालोन' म्हणतात. एखाद्या ठिकाणी कायमचं बांधलेलं असणं म्हणजे 'दे प्लांता'. आपल्याकडचे बँडवाले सुपारी घेतात, त्याच जातीचा हा धंदा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण धंदा म्हणून तो पोरीने आधी डोळ्यांनी बघायला हवा.

कायमची जागा मिळतच नाही असं नाही. अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनला 'लोस चांगीतोस फेओस' नावाचा शाळकरी मुलांचा गट होता. त्यातून मोठी झालेली काही मुलं १९७१ साली 'मारियाची कोब्रे' काढून बसली आणि १९८२ पासून फ्लोरिडात डिस्नेच्या एपकॉट या पार्कमध्ये वाजवू लागली. मात्र अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुलगी म्हणून अडेल का, ही शंका पत्रात लिहिली नसली तरी मनात असणार. लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली होजे एर्नांदेस यांनी फक्त स्त्रियांचा 'मारियाची रेना' हा गट उभा केला, तो आजही वाजवतो.

लेक तुम्हाला मेक्सिकन गायक पेसो प्लुमाचं नाव सांगेल. २०२३ मध्ये एस्लाबोन आर्मादो या गटाबरोबरच्या त्याच्या गाण्यानं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या पाचांत जागा मिळवली. मेक्सिकन प्रादेशिक संगीताला हे तोवर जमलं नव्हतं. पण तो बाज वेगळा, तो मारियाची नव्हे. तिथे स्वतःचं नवं गाणं विकलं जातं. मारियाचीत लोक जुनीच गाणी मागतात, आणि त्यांच्या हक्काचे पैसे ती ज्याने लिहिली त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे जातात. वाजवणाऱ्याला मिळते ती त्या रात्रीची बिदागी.

तिला मी रूबेन फुएन्तेस यांच्याबद्दल वाचायला सांगेन. शास्त्रीय तालमीतला हा व्हायोलिनवादक १९४४ मध्ये 'मारियाची वार्गास दे तेकालित्लान' या नामांकित गटात आला. नोटेशन लिहिता येत होतं, म्हणून गाण्यांची वाद्यरचना त्याच्या हाती आली. त्याच काळातले होजे आल्फ्रेदो हिमेनेस मोठे गीतकार, पण त्यांना वाद्य वाजवता येत नव्हतं. ते चाल गुणगुणून दाखवायचे, कागदावर उतरवायचे फुएन्तेससारखे जाणकार. तुमच्या मुलीकडे ऑर्केस्ट्राचं वाचन आधीच आहे. ते तिने गमावू नये, उलट वाद्यरचना लिहायला आत्ताच सुरुवात करावी.

माझं मत स्पष्ट सांगतो. तिने संगीत-शिक्षणाची पदवी घ्यावी आणि टेक्सासच्या शाळेत मारियाची शिकवायच्या तयारीने घ्यावी. तुम्ही नेमक्या जागी राहता. तिथल्या कितीतरी सरकारी शाळांत हा विषय शिकवतात, शाळांच्या स्पर्धा घेणारी युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग ही संस्था राज्यपातळीवर शाळांचा मारियाची महोत्सवही भरवते. शिक्षिकेला पगार आणि आरोग्यविमा असतो, शनिवार-रविवार वाजवायला मोकळे राहतात. सान मार्कोसची टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटी आणि रिओ ग्रांदे व्हॅलीतलं विद्यापीठ, जिथला 'मारियाची आस्तलान' गट नावाजलेला आहे, ही दोन्ही ठिकाणं जाऊन बघा. बाबांच्या समाधानासाठी इंजिनीअरिंगही जोडीला घ्यायला लावू नका. तालमी आणि प्रयोगशाळेचे तास एकमेकांवर आदळतात, आणि मूल दोन्हीकडे अर्धं राहतं.

एक अडचण मात्र तिची स्वतःची आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, मग स्पॅनिश कितपत येतं? गायिका सेलेना टेक्सासचीच. तिची पहिली भाषा इंग्रजी होती, सुरुवातीची स्पॅनिश गाणी ती उच्चार पाठ करून गायली आणि पुढे भाषा शिकली. तुमच्या मुलीला गाण्यापुरती स्पॅनिश पुरणार नाही. गिऱ्हाइकाशी बोलायचं, कुणाची आजी वारली त्या घरी कुठलं गाणं काढायचं हे ओळखायचं, हे सगळं स्पॅनिशमध्येच होतं.

येत्या १० मेला, मेक्सिकोच्या मातृदिनाला, एखाद्या स्थानिक गटाबरोबर तिला पाठवा. मध्यरात्र उलटली की घरोघरी खिडकीखाली गायला सुरुवात होते. बाबांनीही बरोबर जावं, नुसतं बघायला. तिने एक वही ठेवावी. किती घरं झाली, दोन घरांमधला प्रवास किती, कुठली फर्माईश वाजवता आली नाही, हातात किती पडले, सकाळी आवाजाची अवस्था काय. चांदीच्या बटणांचा चारो, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वारांचा, पोशाख आणि बूट कितीला पडले, तेही त्याच गटातल्या कुणाला विचारून टिपून घ्यावं.

मेनंतर ती वही समोर ठेवून मला पुन्हा लिहा. कॉलेजांच्या ऑडिशनचं मग बोलू.