युद्धकाळातल्या जेवणावरचे माहितीपट: माझी क्रमवारी

युद्ध आणि अन्न या विषयावर सार्वजनिक वाहिन्यांनी केलेल्या माहितीपट-मालिकांची क्रमवारी कशी लावाल, असं तुम्ही विचारलंय. माझी कसोटी एकच: बघताना भूक जाणवली पाहिजे. काटकसरीच्या गमतीजमती कुणीही दाखवतं.

पहिला नंबर डोळे झाकून बीबीसीच्या 'द वॉरटाइम किचन अँड गार्डन'चा (१९९३). स्वयंपाकीण रूथ मॉट आणि माळी हॅरी डॉडसन हे दोघं दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी विशीतले होते, त्यामुळे त्यांना काही 'करून बघायचं' नसतं, आठवायचं असतं. मॉटबाई बोलतात कमी, हात चालतात जास्त. बागेतला भागही तितकाच रंगतो. १९४० मध्ये फ्रान्सचा किनारा आणि त्याजवळची ब्रिटनच्या ताब्यातली चॅनल बेटं जर्मनांच्या हाती गेली, तशी कांद्याची आयात आटली आणि कांदा इतका दुर्मीळ झाला, की लोक तो सोडतीत बक्षीस म्हणून ठेवू लागले! हे माहीत असेल, तर फुलझाडं काढून भाजी लावणारे हात वेगळेच दिसतात.

दुसऱ्या नंबरावर काही जण भांडतील. केन बर्न्स आणि लिन नोविक यांची पीबीएस या अमेरिकी सार्वजनिक वाहिनीवरची 'द वॉर' (२००७, सात भाग) जेवणावर नाहीच मुळी. अमेरिकेतल्या चार गावांच्या तोंडून ती महायुद्ध सांगते. पण त्यातल्याच सॅक्रामेंटोशी नातं असलेली एक मुलगी मनिलात घरच्यांसोबत जपान्यांच्या सान्तो तोमास छावणीत अडकते. १९४४ सरता सरता छावणीतलं अन्न आटत जातं. म्हातारपणी ती हे शांतपणे सांगते तेव्हा आपल्या हातातली वाटी बाजूला ठेवावीशी वाटते. माझी तरी राहिली तशीच.

तिसरी 'वॉरटाइम फार्म' (बीबीसी, २०१२, आठ भाग). हॅम्पशरच्या मॅनर फार्मवर तीन अभ्यासक तेव्हाची शेती करतात. यंत्रणा समजून घ्यायला हिच्याइतकी चांगली दुसरी नाही. युद्धापूर्वी ब्रिटन जवळपास दोन तृतीयांश अन्न बाहेरून आणायचा. म्हणून कुरणं नांगरायला लावली गेली, आणि काय पेरायचं ते जिल्ह्याची युद्धकालीन शेती समिती ठरवू लागली. शेतकऱ्यांना अ, ब, क अशा श्रेणी मिळत, अगदीच ढिसाळ शेतकऱ्याची जमीन काढूनही घेतली जाई. तक्रार एवढीच, की मंडळी जरा जास्तच हौशी आहेत. उपाशी राहतील असं क्षणभरही वाटत नाही.

चॅनल फोरच्या 'द नाइन्टीन फोर्टीज हाउस'ला (२००१) चौथा नंबर. वाहिनी जाहिरातींवर चालते, पण मालकी सार्वजनिक, म्हणून धरली. आजचं कुटुंब नऊ आठवडे तेव्हाच्या घरात राहतं. खऱ्या लोकांना मात्र शेवटची तारीख ठाऊक नव्हती. शिधावाटप जानेवारी १९४० ला सुरू झालं ते ४ जुलै १९५४ पर्यंत चाललं. पावाचं रेशनिंग तर युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये आलं!

महायुद्धावरची गाजलेली मालिका 'द वर्ल्ड ॲट वॉर' (१९७३) यादीत का नाही? ती थेम्स या खासगी कंपनीची, तुमच्या अटीत बसत नाही. नाहीतर पहिल्या नंबराचं काही खरं नव्हतं.

आणखी एक. यातल्या तिन्ही ब्रिटिश मालिका तिथल्या घरा-शेतापुरत्या आहेत. १९४३ साली त्याच सरकारच्या अमलाखालच्या बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली, तो त्यांचा विषय नाही. त्यासाठी वेगळं शोधावं लागेल.