इराकी कुर्दिस्तानातल्या आमेदीत आम्हा दोघी शाकाहारी बहिणींना एप्रिलमध्ये दोन-तीन दिवस राहता येईल का?

तुम्ही एप्रिल म्हणताय, तो उत्तम. हिरवळ असते, थंडी सुसह्य असते. राहता नक्की येईल, पण खोली आमेदीच्या आतच हवी असा हट्ट धरू नका. गाव साधारण 1400 मीटर उंचीच्या सपाट डोंगरमाथ्यावर आहे, पाचगणीच्या टेबललँडवर घरं दाटीनं बांधल्यासारखं. आत जागा कमी, लॉजही नाममात्र. मी समोरच्या सुलावमध्ये राहिले होते. तिथे धबधब्याजवळ हॉटेलं, मोटेलं आहेत आणि आमेदीचं खरं दृश्य तिथूनच दिसतं. फक्त गुरुवार-शुक्रवारची रात्र टाळा. शुक्रवारी सुट्टी असते, सहलीला आलेल्या कुटुंबांनी सुलाव भरून जातं आणि भावही वर जातात.

दुहोक शहराहून आमेदी सुमारे 70 किलोमीटर. दुहोकच्या 'गराज'वर, म्हणजे टॅक्सीतळावर, शेअर टॅक्सी मिळते. चार माणसं भरली की निघते. दोघींनी मागची सीट धरा, घाई असेल तर रिकाम्या जागेचे पैसे भरा. सकाळीच निघा, दुपारनंतर प्रवासी कमी होतात. वाटेत चेकपोस्ट लागतात, पासपोर्ट हातात ठेवा. राजधानी अर्बीलहून दुहोकला येताना तुमचा व्हिसा फक्त कुर्दिस्तान प्रदेशाचा असेल, तर त्या प्रदेशाबाहेरच्या मोसुलमार्गे जायचं नाही हे ड्रायव्हरला बसण्याआधीच सांगा.

पैसे रोख. छोट्या गावात कार्डाचा उपयोग नाही. 100 डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या आणि दुहोकच्या बाजारात दिनार करून घ्या. 25,000 ची नोट चहावाल्यापुढे धरलीत तर तो सुटे शोधत बसेल आणि शेवटी पैसेच घेणार नाही, म्हणून सुट्या नोटा जपून ठेवा.

आता जेवण, कारण खरी अडचण इथेच आहे. पांढऱ्या घेवड्याची फासोलिया आणि भेंडीची बामिया, दोन्ही टोमॅटोच्या रश्शात, भाताबरोबर सगळीकडे मिळतात. पण तो रस्सा बऱ्याचदा मटणाच्या पाण्यातला असतो आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. 'बे गोश्त', म्हणजे मटणाशिवाय, म्हणा आणि लगेच 'बे मिरिश्क', कोंबडीशिवाय, हेही म्हणा, नाहीतर गोश्त नको म्हणून प्रेमानं कोंबडी येईल. न्याहारीची चिंता नाही: गरम नान, चीज, दही, मध, साय. मी तर दोन वेळा न्याहारीच जेवत असे. डोलमा, म्हणजे भरलेली पानं आणि भाज्या, दिसायला निरागस, पण आत बहुधा खिमा असतो.

डोकं झाकायची सक्ती नाही. सैल, अंग झाकणारे कपडे पुरेत. चहाची दुकानं बहुतांशी पुरुषांचीच. तिथे कोणी अडवणार नाही, पण सगळे बघतील. हॉटेलात कुटुंबांसाठीचा भाग वेगळा असतो, तिकडे बसा. भारतीय म्हटल्यावर अमिताभ किंवा शाहरुखचं नाव निघेलच, आणि कोणीतरी घरी चहाला बोलावेल. पहिल्या बोलावण्याला हसून नाही म्हणा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह झाला आणि घरात बायका असतील, तर खुशाल जा. बूट दाराशी काढा.

गावात पश्चिमेचा जुना दगडी दरवाजा आणि मशिदीचा मिनार एवढं आवर्जून बघा. अर्धा दिवस पुरतो. उरलेल्या दिवसात टॅक्सी ठरवून लालिशला जा. ते याझिदींचं, म्हणजे इथल्या एका जुन्या अल्पसंख्याक धर्माच्या लोकांचं, सर्वांत पवित्र स्थान आहे. अनवाणी चालायचं आणि कुठल्याही उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. त्यांचं नववर्ष 14 ते 20 एप्रिलदरम्यानच्या बुधवारी येतं आणि आदल्या संध्याकाळी तिथे दिवे लावतात. तारीख जुळवता आली तर जरूर जुळवा.

गावापासून उत्तरेच्या डोंगरात मात्र स्वतःहून भटकायला जाऊ नका. त्या पट्ट्यात तुर्की सैन्याच्या कारवाया झाल्या आहेत, जुने भूसुरुंगही आहेत. पायवाट कितीही मोहक वाटली तरी स्थानिक माणूस बरोबर असेल तरच.