गेमची कार्डं विकायच्या आधी हे वाच

अगं, तुझ्या आर३६एसच्या, म्हणजे त्या हातात धरून जुने गेम खेळायच्या चिनी डब्याच्या, बोर्डचा फोटो मिळाला. चिपवरचा आरके३३२६ नंबर एकदम स्पष्ट दिसतोय, म्हणजे आता तू नुसती गेम खेळणारी राहिली नाहीस, आणि त्यावरून तुझ्या बाबांची बोलणी मलाच बसणारेत, पण ते जाऊ दे.

आर३६एस उघडला यात काही चुकलं का म्हणून विचारलंयस. काहीही नाही. पैसे मोजून घेतलाय, तुझा आहे. वॉरंटीची काळजी करू नकोस, तपकीर गल्लीत असल्या मालाची वॉरंटी म्हणजे दुकानदार समोर चालू करून दाखवतो तेवढीच. आणि आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे ना, त्याच्या कलम ५२ मध्ये रीतसर हातात आलेल्या प्रोग्रॅमचा बॅकअप घेणं, तो चालतो कसा ते तपासून बघणं, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती काढणं, या सगळ्याला मोकळीक आहे.

या स्वस्त चिनी डब्यांचं वेड का लागतं ते मला कळतं. तुझा फोन याच्या पाचपट किमतीचा, पण त्याचा बूटलोडर, म्हणजे चालू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम, उघडायचा म्हटलं तर कंपनीच्या पाया पडावं लागतं. इथे अख्खी सिस्टिम एका एसडी कार्डवर, बिघडली तर कार्ड काढायचं, दुसरं घालायचं, झालं. सुरुवातीचा बूट कोड चिपच्या आतच कायमचा कोरलेला असतो, तो तुला पुसताच येत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये कितीही उचापती केल्या तरी डबा सहसा मरत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये किट जळेल म्हणून हातसुद्धा लावू देत नाहीत, तिथे हे असलं काही मिळालं की माणूस रात्र रात्र बसणारच.

पण हे आलं कुठून तेही बघ. हीच चिप घेऊन कोरियाच्या हार्डकर्नल कंपनीनं ओड्रॉइड गो अॅडव्हान्स नावाचा असाच गेमचा डबा काढला, २०२० च्या आसपास, त्याचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, उघडा ठेवला, त्यावर लोकांनी फावल्या वेळात आर्कओएससारख्या सिस्टिमा बांधल्या, आणि मग शेन्झेनकडच्या कारखान्यांनी तशाच डिझाइनचे डबे काढून त्यात हेच सगळं फुकटात भरलं. या सिस्टिमांच्या मुळाशी असलेला लिनक्स कर्नल जीपीएल नावाच्या लायसन्सखाली आहे, म्हणजे जो विकतो त्यानं बदललेला सोर्स मागणाऱ्याला द्यायलाच पाहिजे, आणि हे लोक बहुतेक वेळा देत नाहीत. म्हणून आपण ज्याला हॅकिंग म्हणतो ते बरेचदा एवढंच असतं, समोरच्यानं जे हातात द्यायला हवं होतं ते खणून काढणं. त्यात मला कसलीही लाज वाटत नाही.

आता मुद्द्याचं. हॉस्टेलच्या पोरींना गेम भरलेली कार्डं पाचशेला एक अशी विकायची आयडिया. नको. गेम तर कंपन्यांचे आहेतच, आणि जुने झाले म्हणून मोकळे होत नाहीत, आपल्याकडे कॉपीराइट निदान साठ वर्षं चालतो. विकलंस की कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हॉस्टेलवर पोलीस येणार नाहीत हे मलाही माहितेय, त्यामुळे त्या भीतीनं थांब असं म्हणत नाही, माझं कारण दुसरं आहे. एसएनईएस९एक्स आणि जेनेसिस प्लस जीएक्स, म्हणजे जुन्या मशीनचे गेम या डब्यावर चालवणारे एम्युलेटर, यांची लायसन्स वाच, दोन्हीकडे धंद्यासाठी वापर नको असं लिहिलेलं आहे. ज्यांनी पगार न घेता ते लिहिलं त्यांची ही साधी अट आहे, आणि कारखान्यांनी ती मोडलीच आहे. सोर्स दिला नाही म्हणून कारखान्याला शिव्या द्यायच्या आणि पाचशे रुपयांसाठी आपणही तेच करायचं, हे मला पटत नाही.

तू घरी काय खेळतेस यात मी पडणार नाही. आमच्या पिढीकडे ओरिजिनल कार्ट्रिज होती कुठे, टीव्ही गेमवर ती ९९९९ इन १ वाली पिवळी कॅसेट लावून मोठे झालो, मी कोणत्या तोंडानं प्रवचन देऊ. फक्त एक सांगतो, गेमबॉयसाठी आजही नवे गेम लिहिणारे लोक आहेत, काही फुकट देतात, काही थोड्या पैशांत, ते एकदा खेळून बघ.

पैसेच हवे असतील तर हातकामाचे घे. जॉयस्टिक बदल, डब्याबरोबर आलेलं फालतू कार्ड मरायच्या आधी चांगल्या कार्डवर कॉपी करून दे. आणि दुसरं काही करण्याआधी मूळ कार्डवरची डीटीबी फाइल, म्हणजे आत कुठला डिस्प्ले वगैरे आहे ते सिस्टिमला सांगणारी, बाजूला काढून ठेव, कारण या डब्यांत नावं तीच पण आत डिस्प्लेचे पॅनल वेगवेगळे येतात, चुकीची डीटीबी घातली की नुसता काळा स्क्रीन. तुझ्या पॅनलला कुठली चालली, बोर्डवर काय छापलंय, फोटो, हे सगळं नेटवर टाक, कुणाचं वापरलंस त्याचं नाव लिही. अख्खी कार्डाची इमेज मात्र टाकू नकोस, त्यात गेम आणि बायोस, म्हणजे जुन्या मशीनमधला कंपनीचा प्रोग्रॅम, दोन्ही जातात.

रविवारी सकाळी ये, दहाच्या आत, नंतर मी जुन्या बाजारात जाणारे. बोर्डवर टीएक्स-आरएक्सचे पॅड, म्हणजे माहिती पाठवायचे-घ्यायचे ठिपके, सापडले तर सिरियल वायर लावून बूट होताना काय काय बोलतो ते बघू. त्यासाठी बोर्ड कॉम्प्युटरला जोडायचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर येताना घेऊन ये, त्याचा जंपर ३.३ व्होल्टवर ठेव, ५ वर नको, आणि मी बघेपर्यंत त्याची लाल वायर कुठेही जोडू नकोस.

— काका