शरीरातल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कसं कळतं?

एचआयएफ-१ अल्फा नावाचं एक प्रथिन नष्ट न होता साचू लागतं, हाच पेशीसाठी ऑक्सिजन घटल्याचा इशारा असतो. हे प्रथिन पेशी सतत बनवत असते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर पीएचडी गटातली विकरं तोच ऑक्सिजन वापरून त्यावर रासायनिक खूण करतात, व्हीएचएल हे दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि काही मिनिटांतच एचआयएफ मोडीत निघतं. बनवायचं आणि लगेच मोडायचं, हा अपव्यय वाटेल. पण त्यामुळेच गरज पडली की नव्याने सुरुवात करावी लागत नाही. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही. मग एचआयएफ केंद्रकात जाऊन जोडीदार प्रथिनाबरोबर शेकडो जनुकं चालू करतं. त्यातून मुख्यतः हे घडतं:

- मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे लाल रक्तपेशी वाढतात
- नव्या रक्तवाहिन्या फुटतात
- पेशी ऑक्सिजनविना ग्लुकोजपासून ऊर्जा काढू लागते

याच शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयावर भारतात मिळणारं डेसिडुस्टॅट हे औषध पीएचडी विकरांनाच अडवतं.

मात्र ही यंत्रणा काही तासांत परिणाम दाखवते. ऑक्सिजन घटताच काही सेकंदांत श्वास वाढतो, तो मानेतल्या कॅरोटिड बॉडी या छोट्या अवयवामुळे. तिथल्या पेशी आपल्या पटलातल्या, पोटॅशियम जाऊ देणाऱ्या वाहिन्या बंद करून मज्जातंतूंमार्फत मेंदूला संदेश पाठवतात.