फुगा फुटला, तरी तो परत येतो!

प्रश्न : काकांच्या जुन्या टीव्ही गेममधला ‘बलून फाइट’ माझा मुलगा खेळतो. चोचवाल्या शत्रूचा फुगा तो फोडतो, पण थोड्या वेळात तोच शत्रू पुन्हा हवेत! मुलगा रडकुंडीला येतो. गेम बिघडलाय का? – एक आई, परळ

उत्तर : गेम अगदी ठणठणीत आहे, ताई. लालबागच्या चाळीत मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही हा गेम भाड्याने आणायचो, तेव्हा मीही असाच रडलोय.

फुगा फुटला की शत्रू छत्री उघडून खाली येतो. फळीवर टेकला की लगेच पंपाने नवा फुगा भरायला बसतो. नीट बघा, तो फुगा हळूहळू मोठा होताना दिसतो. तेवढ्यात जाऊन त्याला धडक द्यायची. मुलगा बहुतेक फुगा फोडून दुसऱ्याच्या मागे धावतो, तिथेच चुकतं.

फुगा फोडायचा तर शत्रूच्या वर असायला हवं. समोरासमोर आदळलात तर दोघंही मागे फेकले जाता. आपल्याला फुगे दोन. एक गेला की शरीर जड होतं, बटण जास्त दाबावं लागतं. आणि पाण्याजवळ रेंगाळू देऊ नका, तिथला मोठा मासा गिळतो.

घरच्या यंत्रावरचा हा १९८५चा गेम सातोरू इवाता यांनी प्रोग्राम केला, पुढे ते निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचे अध्यक्ष झाले. ते तरंगणं इतकं लोण्यासारखं आहे, की मला आजही त्याचं कौतुक वाटतं. दोघांनी मिळून खेळता येतो. दुसरा कंट्रोलर तुम्ही घ्या.