ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरमध्ये कॅश जास्त असेल तर बेंचमार्कचा स्कोअर वाढतो का?

वाढतो, पण ज्या बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) डेटा लहान कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीत, मावत नाही आणि मोठ्या कॅशमध्ये मावतो, त्यातच. कारण असं: ओव्हरक्लॉक केल्यावर, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त क्लॉकवर चालवल्यावर, कोअरचा वेग वाढतो, रॅमचा उशीर मात्र तेवढाच राहतो. समजा, रॅममधून डेटा यायला 80 नॅनोसेकंद लागतात. 4 गिगाहर्ट्झला कोअर त्यासाठी 320 सायकल (क्लॉकचे ठोके) थांबतो, 5 गिगाहर्ट्झला 400. म्हणजे क्लॉक जितका चढवाल तितकं कॅश चुकणं (हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडणं) महाग पडतं, आणि मोठी कॅश नेमकं तेच टाळते.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण म्हणजे एएमडीचे रायझन 7 5800एक्स आणि 5800एक्स3डी हे प्रोसेसर. दोन्ही 8 कोअरचे, एकाच झेन 3 रचनेचे. एल3 कॅश (एल1, एल2 नंतरची सर्वात मोठी पातळी) मात्र अनुक्रमे 32 एमबी आणि 96 एमबी. 3डीचा बूस्ट क्लॉक 4.7 ऐवजी 4.5 गिगाहर्ट्झ असूनही बऱ्याच गेममध्ये तो स्पष्टपणे पुढे राहतो. सिनेबेंच या 3डी चित्र रेंडर करणाऱ्या बेंचमार्कमध्ये मात्र किंचित मागे पडतो, कारण तिथलं बरंचसं काम लहान कॅशमध्येच भागतं आणि क्लॉकच निर्णायक ठरतो. त्यामुळे फक्त सिनेबेंच पाहून प्रोसेसर निवडू नका, तुमचं खरं काम ज्या प्रकारचं आहे तोच बेंचमार्क चालवून बघा.

एक लक्षात ठेवा: एल1 आणि एल2 कोअरच्या क्लॉकवर चालतात, पण इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये एल3चा क्लॉक वेगळा असतो. तो वाढवला नाही तर ओव्हरक्लॉकचा फायदा अपुरा दिसतो.